पाठपोट प्रूफ प्रिंटर कसा निवडावा: रंगाआधी रजिस्टर

पाठपोट प्रूफ म्हणजे छपाईआधी तपासण्यासाठी कागदाच्या दोन्ही बाजूंना छापून काढलेला नमुना. ते काढण्याचे कारण एकच असते. छपाईची प्लेट करण्यापूर्वी सोळा पानी फर्मा (एका शीटवर छापून घडी घालायचा पानांचा गट) घडी घालून हातात धरता यावा, पाचव्या पानाच्या पाठीला सहावेच पान आले आहे हे दिसावे आणि दोन्ही बाजूंचे समास एकमेकांवर बसले आहेत याची खात्री व्हावी, एवढ्यासाठी ते काढायचे. म्हणून असा प्रिंटर घेताना डीपीआय, शाईच्या रंगांची संख्या किंवा छपाईचा वेग यांत अडकू नये. शीटचे पोट (पहिली बाजू) आणि पाठ (मागची बाजू) जुळतात का, म्हणजे रजिस्टर नेमके आहे का, हा प्रश्न आधी सोडवावा.

आकार ठरवणे सोपे आहे. आपल्या ऑफसेट मशीनची शीट २० × २८ इंच असेल तर २४ इंची रोल प्रिंटर पुरतो. २८ × ४० इंच असेल तर तो अपुरा पडतो आणि ३६ किंवा ४४ इंची घ्यावा लागतो. टोनरवर चालणारे, ३२० × ४५० मिलिमीटरची शीट घेणारे डिजिटल मशीन आपोआप पाठपोट छापते, पण त्यावर मोठा फर्मा लहान करूनच काढावा लागतो. पानांचा क्रम त्यात कळतो, समास कळत नाहीत.

रंगाची मंजुरी या प्रिंटरच्या पाठपोट शीटवर घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. दोन्ही बाजूंना लेप असलेल्या कागदाचा पांढरेपणा प्रूफिंगच्या खास कागदासारखा नसतो आणि पाठीची शाई पोटाकडून झिरपलेली दिसते. ग्राहकाची सही हवी असेल तर आयएसओ १२६४७-७ या मानकाप्रमाणे, रंग मोजण्याच्या कंट्रोल पट्टीसह, एका बाजूचे वेगळे प्रूफ काढावे आणि ते ५००० केल्विनच्या प्रकाशात पाहावे. एकाच शीटमध्ये दोन्ही कामे उरकण्याचा सल्ला देणाऱ्याने बहुधा फर्मा कधी घडी घालून पाहिलेला नसतो.

आता रजिस्टर. माझा पहिला पाठपोट प्रिंटर मी विक्रेत्याच्या दालनात, त्याच्याच कागदावर छापलेले एक सुंदर निसर्गचित्र पाहून घेतला. त्यानंतर रामबागेतील एका मंडळाची स्मरणिका आली. घडी घातलेल्या प्रूफमध्ये खालचे पृष्ठांक पाठीमागच्या पृष्ठांकांपासून दोन मिलिमीटर सरकलेले दिसले. मी शीटवरच्या पानांच्या मांडणीला दोष दिला, ती दोनदा बदलली, नव्या प्लेट केल्या. आणि मशीनवर पाठ दोन मिलिमीटर उलट्या दिशेने सरकली. जुन्या प्लेट लावल्यावर ती नेमकी बसली. मांडणी पहिल्यापासून बरोबर होती, प्रूफ खोटे होते. तेव्हापासून मी पुढील चाचणी केल्याशिवाय पैसे देत नाही.

आपली फाइल आणि आपला कागद घेऊन जावे. चारही कोपऱ्यांत आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर बारीक फुल्या असलेला फर्मा सलग दहा वेळा पाठपोट काढावा. एकच शीट काढून समाधान मानू नये, विक्रेता कितीही घाईत असला तरी. मग शिवणकामाची बारीक सुई पोटाच्या फुलीच्या मध्यातून सरळ टोचावी, शीट उलटावी आणि भोक पाठीच्या फुलीपासून किती दूर पडले ते आयग्लासखाली (छोट्या भिंगाखाली) मोजून लिहावे. दहाही शीटवर अंतर सारखेच, समजा एक मिलिमीटर, येत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. चित्र कागदाच्या मध्यापासून अर्धा मिलिमीटर उजवीकडे पडत असेल तर शीट उलटल्यावर पोटाचा तो अर्धा मिलिमीटर डावीकडे जातो आणि पाठीचा उजवीकडे राहतो. म्हणून फरक दुप्पट दिसतो. रिपमध्ये, म्हणजे फाइलचे छपाईच्या ठिपक्यांत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पाठीची बाजू सरकवून तो काढता येतो. पण एका शीटवर शून्य, दुसरीवर दीड, तिसरीवर पाऊण असे येत असेल तर तो प्रिंटर तिथेच सोडावा, कारण अनिश्चित चूक कोणत्याही सेटिंगने दुरुस्त होत नाही. दहा शीटमधील सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांतला फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत असावा, असा माझा नियम आहे.

शीट हाताने उलटून घालायची असेल तर पहिल्या वेळी आत गेलेली कडाच दुसऱ्या वेळीही आधी आत जावी, म्हणजे वर्क अँड टर्नप्रमाणे (शीट डावीकडून उजवीकडे उलटून). रोलच्या बाजूच्या कडा कारखान्यात कापलेल्या आणि भरवशाच्या असतात. शेवटची कड प्रिंटरच्या सुरीने कापलेली असते, तिच्यावर विसंबू नये.

दुसरा फरक कागदाच्या स्वभावातून येतो. रोलमध्ये कागदाचे तंतू लांबीच्या दिशेने असतात आणि ओलाव्याने ते जाडीत फुगतात, त्यामुळे शीट लांबीपेक्षा रुंदीत जास्त वाढते. इंदूरच्या मे महिन्यात हे मी स्वतःच्या टेबलावर पाहिले: सकाळच्या कोरड्या हवेत पोट छापले, दुपारी कूलर सुरू झाल्यावर पाठ छापली आणि शीट रुंदीला जवळजवळ एक मिलिमीटर वाढलेली निघाली. म्हणून कागद एक दिवस आधी प्रूफच्या खोलीत ठेवावा, तिथे कूलर लावू नये आणि दोन्ही बाजू एकाच बैठकीत छापाव्यात. मात्र पोटावर शाईचे दाट ठोकळे असतील तर पंधरा मिनिटे थांबावे, नाहीतर ओली शीट रोलरखाली वेगळी सरकते आणि शेवटच्या कडेला लांबी चुकते. चाचणीच्या फाइलमध्ये असा एक दाट ठोकळा मुद्दाम ठेवावा. विक्रेत्याच्या नमुन्यात तो कधीच नसतो.

रिपमध्ये पाठीची बाजू केवळ सरकवता येणे पुरेसे नाही. तिची लांबी आणि रुंदी स्वतंत्रपणे कमी-जास्त करता आली पाहिजे. शिवाय प्रूफ प्लेटला जाणाऱ्या रिप केलेल्या माहितीवरूनच निघावे. पीडीएफवरून वेगळे रिप केलेले प्रूफ प्लेटची हमी देत नाही.

दोन्ही बाजूंना लेप असलेला, शक्य तितका पातळ रोल शहरात नियमित मिळतो का, हे आधी विचारून घ्यावे. जाड कागदाच्या तीन घड्यांत आतली पाने इतकी बाहेर येतात की सत्तर जीएसएमच्या (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम) मॅपलिथो या लेप नसलेल्या कागदावरील कामाचे समास चुकीचे वाटू लागतात.

शाई सोडणाऱ्या हेडची किंमत आणि ते बदलायला माणूस किती दिवसांत येईल हे लेखी घ्यावे. सुईच्या चाचणीचे दहाही आकडे खरेदीच्या कागदावर लिहून विक्रेत्याची सही घ्यावी, आणि प्रिंटर आपल्या खोलीत बसवल्यावर तीच चाचणी पुन्हा करून मगच शेवटचा हप्ता द्यावा.