भंडारदऱ्याला तंबू टाकताय? मग या चुका टाळा

भंडारदऱ्याला तंबूत राहायला जाणाऱ्यांची यादी बहुतेक वेळा सारखीच असते: काजवे, रंधा धबधबा, सांधण दरी, रतनगड, कळसूबाई, जमलं तर हरिश्चंद्रगड. सगळं दोन दिवसांत. यादीतलं प्रत्येक ठिकाण बघण्यासारखंच आहे, पण त्यांचे ऋतू एकमेकांशी जुळत नाहीत. पहिली आणि सगळ्यात मोठी चूक ती.

काजवे दिसतात मेअखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत. तेव्हा प्रवरा नदी आटलेली असते, रंध्याला धार नसते. विल्सन धरणाचा, म्हणजे भंडारदऱ्याच्याच धरणाचा, अंब्रेला धबधबा तर धरणातून पाणी सोडलं तरच दिसतो. डिसेंबरात तो शोधत आलेली माणसं कोरड्या दगडाचे फोटो काढून परततात. सांधण पावसाळ्यात पूर्ण बंद, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे आधी काय बघायचं ते ठरवा, तारीख मग. धबधबे हवेत तर ऑगस्ट, गड आणि सांधण हवी तर डिसेंबर ते फेब्रुवारी, काजवे हवेत तर जूनचा पहिला आठवडा.

नकाशावर जवळ दिसतं म्हणून

हरिश्चंद्रगड पक्ष्याच्या वाटेने जवळ आहे. गाडीने मात्र राजूरवरून मोठा वळसा घालून पायथ्याच्या पाचनई गावाला जावं लागतं. सकाळी कळसूबाई आणि दुपारी हरिश्चंद्रगड असा बेत आखलात तर कोकणकड्यावर पोहोचेपर्यंत अंधार पडलेला असेल आणि केदारेश्वराच्या गुहेतलं ते पाण्यात उभं शिवलिंग, त्याच्या चार खांबांपैकी शाबूत उरलेला एकच खांब, टॉर्चच्या उजेडात घाईने बघावा लागेल. हरिश्चंद्रगडाला स्वतंत्र सहल द्या. भंडारदऱ्याच्या दोन मुक्कामांत एक गड आणि एक दरी, एवढंच नीट होतं.

सांधणला हलक्यात घेणं

साम्रद गावाजवळची ही भेग सुमारे दोन किलोमीटर लांब आहे, आणि काही जागी दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ येतात की ऊन तळापर्यंत पोहोचतच नाही. सुरुवातीलाच पाण्याचे दोन डोह लागतात. पाऊस संपल्यावर पहिल्या महिन्यांत दुसरा डोह कमरेपर्यंत किंवा त्याहून वर असतो. मोबाइल आणि कोरडे कपडे प्लास्टिकच्या जाड पिशवीत बांधून घ्या, चपला घालून जाऊ नका, शेवाळावर पाय ठरत नाही.

डोहापलीकडे मोठमोठ्या धोंड्यांवरून उतरत जाताना अंतर कळत नाही. उतरलात तेवढं चढून यायचं आहे. दोरावरून उतरायचे कडे लागतात, त्याच्या अलीकडेच मागे फिरा, आणि दुपारी दोनला तरी फिराच. ढग आले असतील तर आत पाऊलच टाकू नका. वर कुठेतरी पडलेला पाऊस या भेगेतूनच खाली येतो आणि बाजूला सरकायला जागा नसते. साम्रदचा वाटाड्या सोबत घ्या. त्याने ‘आज नको’ म्हटलं की तो शब्द शेवटचा.

अमृतेश्वरला दहा मिनिटं

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर रतनगडाच्या पायथ्याशी आहे, म्हणून लोक गाडी लावतात, नमस्कार करतात आणि गडाकडे पळतात. मला याचं फार वाईट वाटतं. खांबांवरचं आणि छतावरचं कोरीवकाम सकाळच्या तिरप्या उन्हात बघा. शेजारच्या पुष्करणीत उतरा, तिच्या कोनाड्यांतल्या मूर्ती एकेक करून पाहा. इथे खरंच एक तास जातो, आणि हा तास गडावरून उतरल्यावर नाही, चढण्याआधी द्यायचा. उतरल्यावर पाय दुखत असतात, डोळे काही टिपत नाहीत.

रतनगडाच्या वाटेवर झाडीतून एक फाटा कात्राबाई खिंडीकडे, म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या दिशेने जातो. चुकण्याची जागा तीच. आम्ही एका एप्रिलमध्ये तिथे तासभर भरकटलो आणि माणशी एक लिटर पाणी गडावर चढायच्या शिड्यांच्या आधीच संपलं. तेव्हापासून माणशी तीन लिटर, आणि पहाटे सहाला निघणं. माथ्यावरच्या नेढ्यात, म्हणजे खडकाला पडलेल्या आरपार भोकात, वारा अंगावर घेत बसायला वेळ उरला, तर समोर अलंग, मदन, कुलंग हे गड आणि कळसूबाई एका नजरेत दिसतात.

तंबूच्या चुका

पाण्याच्या अगदी कडेला तंबू टाकू नका. तिथला गाळ वरून वाळलेला दिसतो, आत पाय रुततो. जलाशयात पोहायला उतरू नका, तळ एकाएकी खोल होतो. मुरमाड जमिनीत खुंट्या जात नसतील तर दोर मोठ्या दगडांना बांधा.

सकाळी तंबू आतून ओला झालेला आढळला तर तो गळत नाही. तो आपल्याच श्वासाचा दमटपणा आहे, रात्री वरची जाळी उघडी ठेवा. थंडीत इथला पारा दहा अंशांच्या खाली जातो, मग कुणीतरी पेटती शेगडी तंबूत घेतं. हे कधीही करू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

आणि मुळात जागा. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. जंगलात मनाला येईल तिथे मुक्काम चालत नाही. नाक्यावर प्रवेश शुल्क भरा आणि त्या दिवशीचे नियम विचारून घ्या. गावात कुणाच्या वावरात तंबू टाकायचा तर आधी विचारा, पैसे ठरवा, जेवण त्यांच्याकडेच सांगा. ही महादेव कोळी आणि ठाकर लोकांची गावं आहेत. इंग्रजांविरुद्ध उठलेले आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे. चुलीपाशी बसून विचारलंत तर जुनी माणसं त्यांच्याबद्दल सांगतात. स्पीकर लावून बसलात तर हे सगळं हुकतं.

काजव्यांसमोर उजेड

काजव्याचं चमकणं म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक. हिरड्या-बेहड्याच्या झाडाखाली गाडीचे दिवे, मोबाइलची टॉर्च, फ्लॅश लागला की ती हाक पोहोचत नाही, आणि मिलन झालं नाही तर पुढच्या वर्षीचे काजवे कुठून येणार? गाडी लांब लावा, दिवे बंद करा, झाड हलवू नका, बाटलीत भरू नका. अंधारात दहा मिनिटं गप्प उभे राहा. डोळे सरावले की अख्खं झाड एका तालात उजळायला लागतं.