सीपॅप लावल्यावर तोंडाला कोरड पडते? या चुका टाळा

झोपेत श्वास अडखळू नये म्हणून मास्कमधून दाबानं हवा देणारं सीपॅप मशीन घरी आल्याला आठवडाही झाला नव्हता. पहाटे ३ वाजता जाग आली तर जीभ टाळूला चिकटलेली, ओठ पापडासारखे. उशाशी तांब्या ठेवलाच होता. घटाघटा पाणी प्यायलो, मास्क पुन्हा चढवला. तासाभरात परत तेच, वर बाथरूमच्या दोन खेपा.

कोरड पाण्यानं जाईल असं समजणं ही पहिली चूक. पाणी कमी पडलेलंच नसतं, बहुतेक वेळा तोंडातून वारा निसटत असतो. नाकावरचा मास्क असला की मशीन नाकातून हवा ढकलतं. झोपेत जबडा सैल पडला की तीच हवा तोंडावाटे बाहेर येते. रात्रभर एकाच दिशेचा वारा, मग जीभ वाळणारच. शिवाय नाकाचं अस्तर कोरडं पडून सुजतं, नाक चोंदतं आणि तोंड आणखी उघडतं. तुमचं असं होतंय का, हे शेजारी झोपणाऱ्याला विचारा. आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, तुमचे ओठ रात्रभर फुरफुरत असतात, घोड्यासारखे." बऱ्याच मशीनवर सकाळी गळतीचा आकडाही दिसतो, तो पाहत जा.

दुसरी चूक आळसाची. रोज कोण पाणी भरणार म्हणून ह्युमिडिफायरची, म्हणजे मशीनची हवा दमट करणाऱ्या भागाची, टाकी रिकामी ठेवायची. गरम, दमट हवेनं नाकाची ती सूजही कमी होते, त्यामुळे टाकी भरणं हाच सगळ्यात सोपा इलाज. पाणी डिस्टिल्ड वापरा आणि रोज बदला. नळाच्या पाण्याचा टाकीत पांढरा थर बसतो. कोकणातल्या जुलैत चालणारं सेटिंग नागपूरच्या मे महिन्यात किंवा एसीच्या खोलीत पुरणार नाही, ते एकेका आकड्यानं वाढवा. नळीत गुडगुड आवाज येऊन नाकावर थेंब पडले तर घाबरून ह्युमिडिफायर बंद करू नका. नळी थंड पडून वाफेचं पाणी झालेलं असतं. नळीला कापडी कव्हर घाला, मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा, किंवा गरम होणारी नळी घ्या.

मास्क गळतोय म्हणून पट्टे करकचून आवळणं ही तिसरी. नाकावर वळ उठतात, मास्कची मऊ कड चुरगळते आणि गळती वाढते. मशीन सुरू करून, आडवं होऊन, मगच पट्टे जुळवा. चेहऱ्यावर तेल किंवा क्रीम नको. तोंड उघडंच राहत असेल तर हनुवटीचा पट्टा काहींना उपयोगी पडतो. नाही पडला तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क.

मोबाइलवर पाहून ओठांना चिकटपट्टी लावायचा प्रयोग मनानं करू नका. नाक चोंदलेलं असताना किंवा उलटी झाली तर ते महागात पडेल. प्रेशरलाही हात लावू नका. ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबातला तुमचा आकडा डॉक्टरांनी ठरवलेला असतो. तो जास्त असल्यानंही तोंड उघडू शकतं, पण स्वतःहून कमी केलात तर श्वास पुन्हा अडखळेल. गळतीचा रिपोर्ट त्यांना दाखवा.

गोळ्यांची यादीही सोबत न्या. ॲलर्जीवरची सेटिरिझिन, नैराश्यावरची ॲमिट्रिप्टिलीन, रक्तदाबासाठीच्या लघवीच्या गोळ्या, यांनी मशीन नसतानाही तोंड सुकतं. वाढलेल्या साखरेनंही. आणि रात्री खडीसाखर चघळायची सवय (मलाही होती) सोडा. लाळ कमी असताना दात किडायला वेळ लागत नाही.

माझ्या बाबतीत टाकी भरली, मास्क बदलला, तरी थोडी कोरड राहिलीच. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं: पडदा वाकडा आणि जुनी ॲलर्जी. त्यांनी लिहून दिलेला स्प्रे नियमित सुरू केला. हल्ली सकाळी उठतो तेव्हा उशाशी ठेवलेला तांब्या भरलेलाच असतो. सौ. तो तुळशीला घालतात.