ई२०ने मायलेज नेमकं किती पडलं? ओबीडीवरून घरच्या घरी तपासा

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. त्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर एकाचं मायलेज लिटरमागे दोन किलोमीटरने पडलेलं असतं, दुसऱ्याचं पाचने. हिशेब मात्र सरळ आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ई२०वर ६-७ टक्के घट आणि ई१०च्या (१० टक्के इथेनॉल) तुलनेत साडेतीनच्या आसपास. यापेक्षा फारच जास्त दिसत असेल, तर आधी टायरची हवा बघा.

साहित्य. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथ ओबीडी (गाडीच्या संगणकातले आकडे वाचायची सोय) अडॅप्टर आणि फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं अ‍ॅप. शॉर्ट टर्म ट्रिम, लाँग टर्म ट्रिम, कूलंटचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान, वेग आणि आरपीएम एवढंच लॉगिंगला लावा. ट्रिम म्हणजे गाडीचा संगणक ठरलेल्या हिशेबापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा: शॉर्ट टर्म त्या क्षणाचा, लाँग टर्म हळूहळू शिकलेला. फोन शेजारी बसलेल्याच्या हातात द्या. काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

टाकीत काय आहे? तुलनेसाठी दुसरं इंधन हवं. काही पंपांवर १०० ऑक्टेनचं, इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळतं. एका टाकीपुरतं ठीक. मायलेज वाचवायला कायम तेच भरणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. खात्री करायला काचेच्या १०० मिलीच्या मोजपात्रात १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घालून हलवा, मग स्थिर होऊ द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर दहालाच राहिला तर इथेनॉल नाही. ई१० असेल तर अठराच्या आसपास, ई२० असेल तर २६-२८वर जातो. हे अंगणात करा, गॅसच्या शेगडीजवळ नको.

टाकी जवळजवळ रिकामी करूनच भरा. ३५ लिटरच्या टाकीत ५ लिटर ई२० उरलं असेल, तर वर निव्वळ पेट्रोल ओतूनही जवळपास ३ टक्के इथेनॉल राहतंच. भरल्यावर लगेच आकडे घेऊ नका. लाँग टर्म ट्रिमला नवं इंधन ओळखायला थोडं रनिंग लागतं.

रस्ता. नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरून मुंबई हायवेने घोटी आणि परत, एकाच वेगाने, एसी दोन्ही वेळा सारखाच. शहरात द्वारकाच्या ट्रॅफिकमधले आकडे कामाचे नाहीत. पुढे कसारा घाटातही जाऊ नका: उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारं पेट्रोल बंद होतं आणि ट्रिम गोठते. निफाडचा पारा घसरतो त्या आठवड्यातली टाकी मे महिन्यातल्या टाकीशी लावू नका. उन्हाळ्यात दुपारी टाकीतली वाफ इंजिनात ओढली जाते आणि ट्रिम खाली येते, म्हणून रीडिंग सकाळी, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर.

अ‍ॅपचं मायलेज विसरा. बरेच लोक इथेच फसतात. अ‍ॅप पेट्रोल मोजत नाही. आत गेलेली हवा बघतं आणि एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा धरून भागाकार करतं. ई२०ला हे प्रमाण साडेतेराच्या आसपास असतं. म्हणजे जास्त पेट्रोल जातंय, तरी अ‍ॅप जुन्याच हिशेबाने खूश. मायलेज टाकी ते टाकीच काढा. पंप तोच, नोझल तेच, पहिल्या ऑटो-कटला थांबायचं. ‘राउंड फिगर करू का साहेब?’ला नाही म्हणा.

ट्रिम कशी वाचायची? दोन्ही ट्रिमची बेरीज करा. निव्वळ पेट्रोलवर शून्याजवळ असलेली गाडी ई२०वर सात-आठ टक्के वर जाते. ई२०साठीच ट्यून केलेली गाडी उलट ई२०वर शून्याजवळ आणि निव्वळ पेट्रोलवर उणे दिसेल. त्यामुळे एका इंधनावरचा आकडा धरून बसू नका, दोन्हींमधला फरक बघा.

इथेनॉलमुळे वाढलेली ट्रिम आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) आणि ताशी ६०लाही सारखीच वाढते. आयडलला +१५ आणि हायवेवर +३ असेल तर कुठून तरी हवा ओढली जातेय, बहुधा फाटलेला व्हॅक्यूम पाइप. आयडलला ठीक, पण लोडवर चढत असेल तर फ्युएल पंप किंवा फिल्टर. पी०१७१ कोड (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय) लागला असेल, तर गॅरेजला जाताना लॉगची फाइल बरोबर न्या. ‘ई२०मुळे होतं असं’ म्हणून तुम्हाला परत पाठवता येणार नाही.