इलेक्ट्रिक आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) विमानाची मोटर-बॅटरी निवडताना या चुका टाळा

‘काका, ए२२१२ मोटर घेतलीय. आता तिच्यावर कोणतं विमान बांधू?’ पाऊस उघडला की हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी मैदानावर येतंच. प्रश्नच उलटा आहे. आधी विमान ठरवायचं, मग त्याचं वजन, वजनावरून वॉट, वॉटवरून प्रॉप (पुढचा फिरता पंखा, प्रॉपेलर) आणि बॅटरीचे सेल. मोटर अगदी शेवटी. हा क्रम पाळणाऱ्यांच्या मोटरी जळताना मी क्वचितच पाहिल्यात. क्रम उलटा करणारे मात्र दर मोसमात दोनदा-तीनदा खरेदी करतात, आणि त्यातले बरेचसे वैतागून छंदच सोडतात. मला वाईट वाटतं ते याचं.

वजन म्हणजे उडायला तयार विमानाचं वजन. बॅटरी, सर्व्हो (पंख-शेपटीच्या फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी), रिसीव्हर (रेडिओचे इशारे घेणारा भाग), चाकं, गोंद आणि टेपसुद्धा त्यात धरा. ‘आठशे ग्रॅममध्ये बसेल’ म्हणणाऱ्याचं कोरोप्लास्टचं (पोकळ प्लॅस्टिक पत्र्याचं) विमान काट्यावर अकराशे भरतं, हे ठरलेलं आहे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि मोजा. शिकाऊ हाय-विंग (वर पंख असलेल्या) विमानाला किलोमागे १५० ते २०० वॉट पुरतात. कसरतीच्या विमानाला २५० ते ३०० लागतात. नाक वर करून हवेत लटकायचं असेल तर साडेतीनशेच्या पुढे जा. म्हणजे एक किलोच्या ट्रेनरला साधारण १८० वॉट. ३एस लिपो (तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी) भाराखाली ११ व्होल्टच्या आसपास येते, तेव्हा प्रवाह झाला सोळा-सतरा अँपिअर. एवढं कागदावर लिहिल्याशिवाय दुकानाची वेबसाइट उघडू नका.

‘जास्त केव्ही म्हणजे जास्त ताकद’

हा गैरसमज मला सगळ्यात जास्त छळतो, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

केव्ही म्हणजे एका व्होल्टला, प्रॉप न लावता, मोटर मिनिटाला किती फेरे घेईल तो आकडा. त्यात ताकदीचा काही संबंध नाही. ए२२१२ चंच बघा. बाजारात ती १००० केव्ही, १४०० केव्ही आणि २२०० केव्ही अशी मिळते. आत लोखंड तेच, चुंबकं तीच, बाहेरचा डबाही तोच. फरक आहे तो तारेच्या वेढ्यांचा: १३, १० आणि ६. वेढे कमी तर फेरे जास्त. उष्णता सोसायची ताकद मात्र तिन्हींची जवळपास सारखीच, कारण तिघींचं वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास आहे. माझा ठोकताळा असा की साध्या आउटरनर (बाहेरचा डबा फिरणाऱ्या) मोटरकडून तिच्या वजनाच्या प्रत्येक ग्रॅममागे तीन वॉट मागावेत. पन्नास ग्रॅमची मोटर म्हणजे दीडशे वॉट. जाहिरातीत काहीही छापलेलं असो.

आता यात प्रॉप आणा. ३एसवर १००० केव्हीला दहा इंची प्रॉप चालतो. २२०० केव्हीला सहा इंची, म्हणजे ६ x ३ सारखा: व्यास सहा इंच, पिच (एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं अंतर) तीन इंच. प्रॉप ओढत असलेली शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात. त्याच फेऱ्यांना, त्याच पिचला, आठ इंची काढून दहा इंची लावला की मागणी जवळजवळ अडीचपट होते. ‘एक-दोन इंचानं काय फरक पडतो’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

एका इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं स्पर्धेसाठी वजन उचलणारं विमान घेऊन आली होती. बांधणी सुरेख होती, पंखाचा सांगाडा हेवा वाटावा असा. पुढे ए२२१२, २२०० केव्ही, आणि तिच्यावर १०४५ प्रॉप (दहा इंची, पिच साडेचार). का, तर वजन उचलायचंय म्हणून मोटर सगळ्यात जास्त केव्हीची आणि प्रॉप सगळ्यात मोठा. माझ्याकडे वॉटमीटर (मोटर किती वॉट घेते ते दाखवणारी डबी) होता. म्हटलं, दहा सेकंद लावून बघू. पण संध्याकाळ होत आली होती, व्हिडिओ काढणारा मुलगा तयार उभा होता, आणि ‘हातात धरून बघितलं काका, जबरदस्त खेचतंय’ हे उत्तर मिळालं. खेचणारच. काही सेकंद खेचणारच. विमान हातातून सुटलं, उसाच्या फडावर चढलं, आणि पहिल्या वळणावर धूर दिसला. ३० अँपिअरची ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) गेली. रिसीव्हरला वीज तीच ईएससी पुरवत होती, त्यामुळे सर्व्होही मेले. विमान तसंच तिरकं उसात घुसलं. सापडलं तेव्हा मोटरच्या तारेवरचं इनॅमल काळं पडलं होतं आणि त्या सुंदर पंखाची कड मोडली होती. बांधायला घेतलेली मेहनत दहा सेकंदांच्या तपासणीसाठी थांबली नाही, हे मला अजून सलतं.

वजन उचलायचं असेल तर केव्ही कमी, मोटर वजनदार आणि प्रॉप मोठा. फोमच्या छोट्या वेगवान विमानाला केव्ही जास्त आणि प्रॉप लहान. बास.

मोटरच्या नावातल्या आकड्यांनीही लोक फसतात. २२१२ मध्ये २२ हा आतल्या स्टेटरचा (तारा गुंडाळलेल्या, न फिरणाऱ्या भागाचा) व्यास आहे, मिलिमीटरमध्ये. काही कंपन्या मात्र बाहेरच्या डब्याचं माप छापतात, त्यामुळे त्यांची २८३० ही मोटर आकाराने २२१२ च्या जवळचीच निघते. नाव वाचून मोठी समजू नका, ग्रॅम बघा.

ईएससीमधल्या बीईसीवर आंधळा विश्वास

ईएससीवर ‘३० अँपिअर’ असं ठळक छापलेलं असतं आणि बाजूला बारीक अक्षरात ‘बीईसी ५ व्होल्ट २ अँपिअर’. ते बारीक अक्षर वाचा. बीईसी म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज देणारा भाग. स्वस्त ईएससीतला बीईसी बहुधा लिनिअर असतो, म्हणजे जास्तीचे व्होल्ट तो उष्णता करून घालवतो. भरलेली ३एस १२.६ व्होल्टची. पाच व्होल्ट रिसीव्हरला गेले, उरलेले ७.६ व्होल्ट त्या इवल्याशा चिपवर. सर्व्होंनी मिळून एक अँपिअर घेतला की साडेसात वॉट उष्णता झाली, तीही श्रिंक ट्यूबमध्ये गुंडाळलेल्या जागेत. ४एस लावली तर हीच उष्णता जवळपास बारा वॉटवर जाते. चार सर्व्हो एकदम हलले, एखादा अडकला, की बीईसी तापून बंद पडतो आणि रिसीव्हर झोपतो. मग ‘रेडिओनं दगा दिला’ म्हणून ट्रान्समीटरला शिव्या. रेडिओ बिचारा ठीक असतो.

माझी सवय अशी: ३एसवर दोन-तीन नऊ ग्रॅमचे सर्व्हो असतील तर ईएससीतला बीईसी चालवून घेतो. चार किंवा जास्त सर्व्हो, किंवा ४एस, की वेगळा स्विचिंग यूबीईसी (स्वतंत्र, कमी तापणारा बीईसी) लावतो आणि ईएससीच्या रिसीव्हर प्लगमधली लाल पिन काढून टेप लावून ठेवतो. यूबीईसी काही फार महाग नाही, आणि विमान त्याच्यावर टांगलेलं असतं.

वॉटमीटर न वापरणं

बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये लावायची ही छोटी डबी नसेल तर मी कुणाला पहिलं उड्डाण करू देत नाही. आवाजावरून, हाताला जाणवणाऱ्या खेचीवरून काहीही कळत नाही. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. अर्धी उतरलेली लावून आलेला आकडा खोटाच समजा. विमान नीट बांधा, स्वतः प्रॉपच्या मागे उभे राहा, कधीही बाजूला किंवा समोर नाही. फुल थ्रॉटल दहा सेकंद, आकडा लिहा, बंद करा, मोटरला बोट लावा. बोट ठेवता येत नसेल तर प्रॉप एक इंचाने कमी करा. हवेत प्रॉपवरचा भार थोडा कमी होतो हे खरं, पण त्या सवलतीचा हिशेब धरून जमिनीवर मर्यादा ओलांडू नका.

ईएससी मोजलेल्या प्रवाहाच्या दीडपट घ्या. सतरा अँपिअर असेल तर तीस. ‘बर्स्ट’चा (काही सेकंदांपुरत्या प्रवाहाचा) आकडा निवडीसाठी धरायचाच नाही.

लिपोवरचा ‘सी’ आकडाही (क्षमतेच्या किती पट प्रवाह देता येतो तो) निम्मा धरा. २२०० एमएएच आणि ३०सी म्हणजे कागदावर ६६ अँपिअर. मी तिच्याकडून तीस-पस्तीसच्या वर मागत नाही, म्हणून माझे पॅक फुगत नाहीत.

जास्त वेळ उडावं म्हणून २२०० च्या जागी ५००० एमएएच कोंबणं थांबवा. दोनशे ग्रॅमहून जास्त वजन वाढतं, विमान वेगात उतरतं आणि वळणावर स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल तुटते.

पिच विसरू नका. फेरे गुणिले पिच इंच गुणिले ०.००१५ केलं की प्रॉपचा वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. ८५०० फेरे आणि ५ इंच म्हणजे ६४ किलोमीटर. हा वेग विमानाच्या स्टॉल वेगाच्या किमान अडीचपट हवा. नाहीतर खेच भरपूर असूनही विमान वाऱ्यात पुढे सरकत नाही.

प्रॉपवरची अक्षरं नेहमी पुढे, उड्डाणाच्या दिशेला. मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करा, प्रॉप उलटा लावू नका.

तारा वाढवायच्या असतील तर मोटरकडच्या वाढवा. बॅटरी आणि ईएससीमधली तार लांबवली की ईएससीच्या कपॅसिटरवर ताण येतो.

कट-ऑफ लागेपर्यंत (बॅटरी उतरली म्हणून ईएससी मोटर तोडेपर्यंत) उडवू नका. सुरुवातीला ट्रान्समीटरवर सहा मिनिटांचा टाइमर लावा, उतरा, आणि चार्जरने किती एमएएच परत भरले ते बघा. २२०० च्या पॅकमध्ये १७५० च्या वर भरावे लागले तर टाइमर कमी करा. घरी ठेवताना सेल ३.८ व्होल्टवर. चार्जिंग १सीने, म्हणजे २.२ अँपिअरने, बॅलन्स लीड (सगळे सेल सारखे भरणारी तार) लावून, आणि समोर बसून.

मोटर सुरू होताना अडखळते, कर्कश आवाज करते पण फिरत नाही? थ्रॉटल वाढवत बसू नका, त्यातच ईएससी जळते. बॅटरी काढा, तिन्ही बुलेट कनेक्टर हलवून बघा. बहुतेक वेळा एकाचं सोल्डर कच्चं असतं. ते पुन्हा करा, आणि मग प्रॉप काढून मोटर फिरवून बघा.