सुनेला दिवस गेले, आता मांजर हाकलायचं का?

दिवस गेल्याचं कळलं की आमच्याकडे पहिली शिक्षा मांजराला होते. पोत्यात घालून नाल्यापलीकडे सोडून येतात. वहिनीच्या वेळी सोडलेला बोका तिसऱ्या दिवशी चुलीपाशी येऊन बसला. मग आम्ही बोका ठेवला आणि घरातली कामं बदलली. तुम्हीही तेच करा.

मांजरामुळे गरोदर बाईला शिंका येतात असं वाटत असेल, तर आधी त्या कशाच्या ते शोधा. दिवाळीच्या सुमारास खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला असतो आणि मांजर नेमकं त्या ढिगावर झोपतं. आळ त्याच्यावर येतो. आठवडाभर कॅलेंडरवर खूण करा: शिंका कधी आल्या? कापूस भरताना, गोधडी झटकताना, की मांजर मांडीवर बसल्यावर? नाक नुसतंच चोंदत असेल, खाज नाही, शिंका नाहीत, तर ते बहुतेक गरोदरपणाचंच. संप्रेरकांमुळे नाकाच्या आतलं अस्तर सुजतं. बाळंतपणानंतर दोनेक आठवड्यांत ते आपोआप उतरतं.

त्रास मांजराचाच निघाला, तर दोष केसांचा नसतो. त्याच्या लाळेत आणि कातडीवर एक प्रथिन असतं. मांजर दिवसभर अंग चाटतं, ते वाळून धुळीबरोबर उडतं. म्हणून गरोदर बाई झोपते त्या खोलीत मांजर येऊ देऊ नका. कापूस दुसरीकडे हलवा, गोधड्या गरम पाण्यात धुवून कडक उन्हात टाका, झाडण्याआधी पाणी शिंपडा.

दम्याचा पंप चालू असेल तर भीतीपोटी स्वतःहून बंद करू नका. आईला दम लागला की बाळालाही प्राणवायू कमी पडतो. शिंकांची गोळीही डॉक्टरांना विचारूनच घ्या.

‘पोटुशी बाई अशक्त, तिला सगळंच बाधतं’ हे अर्धंच खरं. प्रतिकारशक्ती संपत नाही, तिची कामाची रीत बदलते. बाळ अर्धं बापाचं, म्हणजे शरीराच्या हिशेबी परकं. त्याला सांभाळून घ्यायचं तर पहारा थोडा वेगळा ठेवावा लागतो. त्यामुळे फ्लूसारखे काही आजार या दिवसांत जास्त जोर करतात.

मांजराकडून खरी भीती टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म जंतूची, आणि त्याची लागण मांजराच्या अंगावरून हात फिरवल्यानं सहसा होत नाही. मांजराच्या विष्ठेतून पडलेले जंतू लागण्याजोगे व्हायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून घाण रोजच्या रोज, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी काढावी. नवऱ्यानं काढली तर काही बिघडत नाही. त्याहून मोठी गोष्ट सांदवाडीतली, म्हणजे परसबागेतली. मांजराला भुसभुशीत माती लागते, आणि ती असते सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) वाफ्यात. तो वाफा काट्यांनी झाका. गरोदर बाईनं तिथं निंदण करू नये, आणि सांबार दोन-तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय भाजीवर टाकू नये. मटण पूर्ण शिजू द्या, कच्चट राहिलेल्या मटणातूनही हाच जंतू येतो.

बकरी व्यायला झाली की मदतीला सगळ्यात आधी घरची सूनच धावते. या नऊ महिन्यांत तिला थांबवा. बकरी किंवा गाय गाभडली, तर ती वार, तो गर्भ तिनं उचलू नये. उचलणाऱ्यानंही हातमोजे घालावेत आणि ढोरांच्या डॉक्टरला कळवावं. ब्रुसेलोसिससारखे आजार तिथून आणि कच्च्या दुधातून येतात. दूध उकळूनच प्या, धारोष्ण दुधाचं कौतुक सध्या राहू द्या.

कुत्रं चावलं किंवा ओरखडलं, तर जखमेवर चुना, तिखट काही लावू नका. साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि तडक सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लस गरोदरपणातही घ्यायचीच असते. पोटात बाळ आहे म्हणून ती टाळणं जिवावर बेतू शकतं.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. तिथं घरी काय-काय पाळलंय ते न विचारताही सांगा.

आणि सातव्या महिन्यापासूनच बाळंतिणीच्या खोलीचं दार लावायची सवय लावा. मांजराला ऊब लागते, आणि पाळण्याइतकी उबदार जागा दुसरी नसते.