रेप्लिका किट कार मूळ गाडीशी कितपत जुळते, हे कसे पारखावे

रेप्लिका किट कार म्हणजे नावाजलेल्या गाडीसारखे दिसणारे कवच सुट्या भागांच्या संचातून (किटमधून), बहुधा दुसऱ्याच गाडीच्या सांगाड्यावर चढवून केलेली नक्कल. समोरची गाडी नेमक्या कोणत्या मूळ गाडीची नक्कल आहे, हे तिच्याजवळ जाण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. उदाहरणार्थ, १९६० च्या दशकातल्या कोब्रा या स्पोर्ट्स कारची नक्कल असेल, तर नुसते ‘कोब्रा’ म्हणून भागत नाही. इंजिनाच्या घन इंचांतल्या आकारावरून ओळखल्या जाणाऱ्या २८९ आणि ४२७ या दोन्ही कोब्रांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर, ९० इंचच आहे. परंतु ४२७ ची मडगार्डे बरीच फुगीर आणि पुढचे तोंड मोठे असल्यामुळे, २८९ च्या छायाचित्राशी ताडून पाहिल्यास ४२७ ची उत्तम नक्कलही चुकीची वाटेल. शिवाय हाताने ठोकून घडवलेल्या ॲल्युमिनियमच्या मूळ गाड्या आपापसांतही तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून एकाच गाडीवर विसंबू नये. तीन-चार मूळ गाड्यांची, शक्यतो त्या काळातलीच, छायाचित्रे जमवावीत.

त्यानंतर प्रमाण पाहावे, आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक निकाल येथेच लागतो. दिवे, चाके, आरसे नंतरही बदलता येतात. ज्या गाडीच्या सांगाड्यावर किट चढवले आहे, तिचा व्हीलबेस मात्र सहजासहजी बदलत नाही. पोर्शे ३५६ स्पीडस्टरच्या नकला बहुधा फोक्सवॅगन बीटलच्या सांगाड्यावर उभ्या राहतात. बीटलचा व्हीलबेस २४०० मि.मी., तर ३५६ चा २१०० मि.मी. आहे. चांगला कारागीर तो सांगाडा कापून सुमारे ३०० मि.मी. आखूड करतो, ज्याने हे टाळले, त्याची गाडी दाराच्या आसपास ओढून लांबवल्यासारखी दिसते. टायरचा बाहेरचा व्यास साधारण ६५० मि.मी. धरला, तर मूळ गाडीच्या व्हीलबेसमध्ये तो सव्वातीन वेळा मावतो आणि न कापलेल्या सांगाड्यात जवळजवळ पावणेचार वेळा. हे गुणोत्तर छायाचित्रावर पट्टी ठेवूनही काढता येते, मात्र छायाचित्र दूर उभे राहून, झूम करून, चाकाच्या मध्याच्या उंचीवरून आणि बरोबर बाजूने घेतलेले असावे; जवळून मोबाइलने टिपलेल्या छायाचित्रात जवळचा भाग फुगतो आणि हिशेब बिघडतो. गाडी प्रत्यक्ष समोर असेल, तर चाके सरळ करून दोन्ही बाजूंनी टेपने मोजावे.

उंचीचेही तसेच आहे. फोर्ड जीटी४० या शर्यतीच्या गाडीच्या नावातला ४० हा आकडा इंचांतल्या उंचीवरून आला. खऱ्या गाडीशेजारी उभे राहिले, तर तिचे छत मध्यम उंचीच्या माणसाच्या जेमतेम कमरेशी येते. छत छातीकडे सरकले असेल, तर बाकी सारे हुबेहूब असूनही ती जीटी४० वाटणार नाही.

मग काचा पाहाव्यात. वळणदार काच नव्याने घडवणे महाग पडते, म्हणून अनेक किटांत सांगाडा पुरवणाऱ्या गाडीचीच पुढची काच ठेवतात. तिचा कल वेगळा असला, की छताची रेषा आणि दारांचा आकारही तिच्यामागे ओढला जातो.

पृष्ठभागाची परीक्षा सकाळच्या तिरप्या उन्हात करावी. मागच्या मडगार्डपाशी उकिडवे बसून, डोळा पत्र्याच्या पातळीत आणून, एखाद्या सरळ खांबाचे प्रतिबिंब दारावरून सरकताना पाहावे. चांगल्या कामात ते सलग वाहते, घाईने केलेल्या फायबरग्लासच्या (काचतंतू आणि रेझिनच्या) कवचावर मध्येच थरथरते किंवा तुटते. दार उघडून त्याची कडही पाहावी. पातळ दुमडलेल्या पत्र्याच्या जागी जाड, बोथट कड असेल, तर बंद दाराभोवतीची फटही बहुधा रुंद आणि असमान असते. चाक मडगार्डच्या कमानीत खोल गेलेले नाही ना, हेही येथेच पाहून घ्यावे, कारण मूळ चाक कडेपर्यंत आलेले असेल, तर या एका दोषाने गाडी पोकळ दिसते.

बोधचिन्हांना मी जवळजवळ गुण देत नाही, कारण ती कोणालाही विकत मिळतात. शेवटी इंजिन सुरू करवून ऐकावे. बीटल आणि ३५६ या दोहोंत हवेने थंड होणारे, आडव्या सिलिंडरांचे इंजिन मागेच असते, त्यामुळे तेथे आवाजही बराच जुळतो. लॅम्बोर्गिनी काउंटाशचे कवच चढवलेल्या पाँटियाक फिएरोतून मात्र ४ किंवा ६ सिलिंडरांचाच आवाज येईल, मूळच्या १२ सिलिंडरांचा नव्हे.