जुन्या लॅपटॉपवर नवा गेम: आधी उष्णता, मग रॅम, सेटिंग शेवटी

गेम अडखळायला लागला की बहुतेक जण पहिल्यांदा ग्राफिक्सची सेटिंग खाली आणतात. मराठवाड्यात तरी सुरुवात उष्णतेपासून करावी. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, पत्र्याच्या खोलीत तर विचारायलाच नको. प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांवर पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. खोली १५ अंशांनी जास्त तापली तर आतली चिपही जवळपास तेवढीच वर सरकते. म्हणून जानेवारीत नीट चाललेला गेम मेमध्ये थोड्याच वेळात रखडतो.

उदाहरणासाठी इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, इंटेल एचडी ५२० ग्राफिक्स आणि ८ जीबी रॅम धरू, आणि गेम म्हणून जीटीए फाइव्ह. ऑफिसांतून निघालेले असे लॅपटॉप संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या सेकंडहँड दुकानांत मिळतात.

गेम उघडेल तरी का?

पैसे भरण्याआधी विंडोजच्या सर्चमध्ये डीएक्सडायग (ग्राफिक्सची माहिती दाखवणारं विंडोजचंच साधन) उघडा. पहिल्याच पानावर 'डायरेक्टएक्स १२' दिसेल. त्यावर जाऊ नका, तो आकडा विंडोजचा आहे. डिस्प्ले टॅबमधली 'फीचर लेव्हल्स' ही ओळ बघा; गेमला लागणारी पातळी तिथे असायला हवी. एचडी ५२० ला तिथे १२_१ दिसतं. तिसऱ्या पिढीचं एचडी ४००० मात्र ११_० वरच थांबतं. शिवाय तिसऱ्या पिढीपर्यंतच्या इंटेल प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स-टू हा सूचनासंच नाही, आणि काही नवे गेम त्याशिवाय सुरूच होत नाहीत. तिथे कुठलीही सेटिंग कामाला येत नाही.

जीटीए फाइव्हच्या पीसीवर आता दोन आवृत्त्या आहेत. मार्च २०२५ मध्ये आलेल्या 'एनहान्स्ड'ला एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) आणि किमान जीटीएक्स १६३० दर्जाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. आपल्यासाठी जुनी 'लेगसी'च. स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) घेतलेला गेम २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर १४ दिवसांच्या आत पैसे परत मागता येतात, तेव्हा पहिला तास चाचणीलाच द्या.

आतली धूळ

याच कामाला सगळ्यात जास्त वेळ द्यावा. लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, मागचं झाकण उघडा, आधी बॅटरीची पिन सोडवा आणि पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा. मग पंखा काढा. पंखा आणि तांब्याची जाळी यांच्या मधे धुळीचा घट्ट थर सापडेल. जिनिंगच्या परिसरात त्यात कापसाचे तंतूही असतात. बाहेरून ब्लोअर मारला तर हा थर सुटून पंख्यावरच येतो. तो चिमट्याने उचलून ब्रशने साफ करा. ब्लोअर वापरायचाच असेल तर पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं.

हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढणारा धातूचा भाग) स्क्रूंजवळ बहुधा आकडे छापलेले असतात. काढताना मोठ्या आकड्यापासून उलटं यायचं, बसवताना १ पासून, प्रत्येक स्क्रू थोडा थोडा आवळत. चिप आणि हीटसिंक यांच्या मधली जुनी थर्मल पेस्ट ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. नवी पेस्ट तुरीच्या डाळीएवढी, चिपच्या मधोमध. थर जाड झाला की उष्णता अडते. मऊ थर्मल पॅड असतील तर ते होते तिथेच परत ठेवा. त्यांच्या जागी पेस्ट लावली तर फट भरत नाही.

खेळताना लॅपटॉपची मागची बाजू २-३ सेंटीमीटर उचला. गादीवर, गोधडीवर ठेवू नका. कूलरच्या थेट झोतात तर अजिबात नको: तुषार आत जातात आणि बोअरच्या जड पाण्याचा क्षार बोर्डवर बसतो. टेबलफॅन चालेल.

आता एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून २० मिनिटं खेळा. थर्मल थ्रॉटलिंगपुढे (उष्णतेमुळे वेग कमी होणं) अजूनही 'येस' येत असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० ऐवजी ९९ करा. टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो. आय-फाइव्ह ६२०० यू २.८ वरून २.३ गिगाहर्ट्झवर येतो. हे नुकसान वाटतं, पण प्रोसेसर आणि ग्राफिक्स १५ वॅटचा एकच वाटा खातात. एकाने कमी घेतले की दुसऱ्याला जास्त मिळतात.

रॅम आणि एसएसडी

एचडी ५२० ला स्वतःची मेमरी नाही, ते रॅममधूनच घेतं. त्यामुळे ८ जीबीची एकच स्टिक असण्यापेक्षा ४-४ च्या दोन बऱ्या, फ्रेम्समध्ये (सेकंदाला उमटणारी चित्रं) फरक डोळ्यांना दिसतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. किती स्लॉट भरलेत ते तिथे कळतं. या पिढीत काही लॅपटॉपना डीडीआर-थ्री-एल लागते, काहींना डीडीआर-फोर. दोन्हींच्या खाचा वेगळ्या असतात, म्हणून जुन्या स्टिकवरचं लेबल वाचूनच दुकानात जा.

एसएसडीने फ्रेम्स फारशा वाढत नाहीत, पण गाडी वेगात असताना रस्ता उशिरा उमटणं थांबतं. २.५ इंची, ७ मिलीमीटर जाडीची, साटा जोडणीची घ्या.

मग सेटिंग

रिझोल्यूशन १३६६×७६८ वरून आधी १२८०×७२० करून बघा. भागलं नाही तर १०२४×५७६; पिक्सेल ४४ टक्क्यांनी घटतात, अक्षरं मात्र धूसर होतात. एमएसएए (कडा गुळगुळीत करणारी सेटिंग) बंद. शॅडो, रिफ्लेक्शन, ग्रास, टेक्स्चर सगळं 'नॉर्मल'. 'पॉप्युलेशन डेन्सिटी' (रस्त्यावरची गर्दी) खाली ओढा, तो भार प्रोसेसरवर पडतो. फ्रेम्स सतत ३० च्या वर राहत असतील तर व्हीसिंक (फ्रेम्स स्क्रीनच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग) 'हाफ' करा. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर गेम ३० वर बांधला जातो, आणि स्थिर ३० हे ४५ ते २२ च्या हेलकाव्यांपेक्षा कितीतरी बरे.

चार्जर लावूनच खेळा. वीज गेली की बॅटरीवर वेग पडतो. मूळ चार्जर नसेल किंवा बॅटरी काढून ठेवलेली असेल तरी काही लॅपटॉप मुद्दाम मंद चालतात.

डाउनलोड

रोजच्या दीड जीबी डेटावर ७० जीबीहून मोठा गेम उतरवणं शक्य नाही. ज्याच्याकडे वायफाय आहे त्याच्याकडून स्टीमच्या 'कॉमन' फोल्डरमधलं गेमचं फोल्डर हार्ड डिस्कवर आणा, आपल्याकडे त्याच जागी ठेवा आणि आपल्या खात्यातून इन्स्टॉल दाबा. स्टीम असलेल्या फाइल तपासून फक्त उरलेल्याच उतरवतं. डिस्क एनटीएफएस फॉरमॅटची हवी, कारण फॅट-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.